मालिका बघून इंग्रजी येते का?

परतवाड्याच्या बाजारात तासभर उभे राहिले तरी तीन-चार भाषा कानावर पडतात. घरोघरची वऱ्हाडी, जुळे शहर असलेल्या अचलपूरकडची उर्दू वळणाची हिंदी, मेळघाटातून खाली उतरलेल्या माणसांची कोरकू आणि दुकानांच्या पाट्यांवरची प्रमाण मराठी. इथला दुकानदार यांतल्या दोन-तीन भाषांत सहज भाव सांगतो. त्यासाठी त्याने शिकवणी लावलेली नसते. गिऱ्हाइके येत गेली, कान तयार होत गेला, मग तोंडही उघडले. ज्यांचा हिंदीशी रोजचा संबंध नव्हता, त्या खेड्यांतल्या घरांतही १९८४ साली ‘हम लोग’ आणि १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाल्यावर हिंदी संवाद समजू लागले. दूरदर्शनने कधी व्याकरण शिकवले नाही, तरी पुष्कळांची हिंदी सुधारली.

मग इंग्रजीचे तसे का होऊ नये? आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर इंग्रजी विनोदी मालिका हव्या तेवढ्या. ‘फ्रेंड्स बघ, इंग्रजी आपोआप येईल’ हा सल्ला कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास मिळतो. त्याला एक नामांकित दाखलाही आहे. कोरियातील ‘बीटीएस’ या गायकांच्या चमूतील आरएम याने आपण इंग्रजी ‘फ्रेंड्स’ बघून शिकलो, असे मुलाखतीत सांगितले आहे. त्याने ही मालिका आधी कोरियन सबटायटलसह, मग इंग्रजी सबटायटलसह आणि शेवटी सबटायटलशिवाय पाहिली. सबटायटल म्हणजे पडद्याखाली उमटणारी संवादांची ओळ.

एकाला जमले म्हणून सर्वांना जमेल असे नाही. पण मालिका बघून परकी भाषा किती येते, कोणाला येते आणि कोणत्या अटींवर येते, याचा अभ्यास गेली काही दशके जगभर होत आला आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे: शब्द येतात, पण नुसते बघत बसून फार थोडे येतात. मात्र शाळेत इंग्रजीचा पाया झालेला असेल, पडद्यावर इंग्रजी अक्षरे असतील आणि ऐकलेले तोंडाने म्हटले जात असेल, तर हीच मालिका चांगली शिक्षिका ठरू शकते.

‘तोंड आले’चे इंग्रजी काय?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यापूर्वी ती पाचवीपासून असे. म्हणजे आज दहावी झालेल्या मुलाने दहा वर्षे इंग्रजी वाचलेली असते. तरीही हा मुलगा पुढे नर्सिंगला, इंजिनिअरिंगला किंवा नोकरीसाठी अमरावती, नागपूर, पुण्याला जातो तेव्हा अडखळतो. गंमत म्हणजे तो अवघड पारिभाषिक शब्दांवर तितका अडत नाही. ते शब्द सर्वांनाच नवे असतात आणि पुस्तकात त्यांचा अर्थ दिलेला असतो. त्याची गाडी अडते ती होस्टेलच्या खोलीत, कँटीनमध्ये, मुलाखतीआधीच्या हलक्याफुलक्या गप्पांत. तिथले शब्द कुठल्याच धड्यात आलेले नसतात.

याचे कारण वऱ्हाडी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. मराठीच्या पाठ्यपुस्तकात ‘का’ असते, ‘कशासाठी’ असते, ‘काहून’ नसते. पण परतवाड्यात ‘काहून’ ऐकल्याशिवाय अर्धा तास जाणार नाही. पुस्तकावरून मराठी शिकून आलेला परदेशी माणूस ‘काय करून राहिला बे’ हे वाक्य ऐकून गोंधळेल. एक तर त्याला कुठला शब्द कुठे संपला ते कळणार नाही. कळलेच तर हा माणूस कुठे राहिला, असा प्रश्न पडेल. इंग्रजीचेही तसेच आहे. पुस्तकात ‘व्हाय’ असते, बोलण्यात ‘हाऊ कम’ येते आणि त्याचा अर्थ ‘कसे ये’ असा नसून जवळजवळ आपल्या ‘काहून’सारखा असतो. ‘गोइंग टू’चे ‘गॉना’ होते, ‘वाँट टू’चे ‘वॉना’ होते.

आजारपणाची भाषा घेतली तर हे अधिक स्पष्ट होते. मराठीत घसा बसतो, पाठ धरते, अंग मोडून येते, तोंड येते. यातल्या एकेका शब्दाचे इंग्रजी करून ‘माय माउथ हॅज कम’ म्हटले तर ऐकणाऱ्या इंग्रजाला काही कळणार नाही. उलट बाजूनेही तेच होते. ‘थ्रो’ म्हणजे फेकणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी होणे. ‘कम डाउन विथ अ कोल्ड’ म्हणजे सर्दीने धरणे, त्यात कुठून खाली येणे नाही. सगळ्यांत फसवा शब्द ‘पास आउट’. आपल्याकडे ‘मी अमुक साली पास आउट झालो’ म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलो. इंग्लंड-अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात मात्र ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणे. परदेशी रुग्णाच्या नातेवाइकाने सांगितलेला हा शब्द नर्सला कळला नाही, तर प्रश्न मार्कांचा उरत नाही.

असे शब्द यादी करून पाठ होत नाहीत. पाठ झाले तरी वेळेवर आठवत नाहीत, कारण त्यांचा अर्थ प्रसंगाला चिकटलेला असतो. पोट धरून न्हाणीघराकडे धावणारा माणूस दिसतो आणि त्याच क्षणी ‘थ्रो अप’ कानावर पडते, तेव्हा शब्दाला चित्राची जोड मिळते. शब्द आणि चित्र अशा दोन वाटांनी साठवलेली गोष्ट अधिक टिकते, हा विचार कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अॅलन पायव्हिओ यांनी १९७१ साली सविस्तर मांडला होता. मालिकेचे बळ नेमके इथे आहे.

सिटकॉमच का?

सिटकॉम म्हणजे सिच्युएशन कॉमेडी, प्रसंगातून फुलणारी विनोदी मालिका. मराठी प्रेक्षकाला हा प्रकार नवा नाही. ‘चिमणराव’ किंवा ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवले की पुरे. तीच माणसे, तेच घर, तोच सोफा आणि दर भागात एक छोटा घोटाळा. भाषा शिकणाऱ्याला ही पुनरावृत्ती फार उपयोगी पडते. पात्रांचे स्वभाव आधीच ठाऊक असतात, त्यामुळे शब्द सुटला तरी प्रसंगाचा धागा सुटत नाही. युद्धपटात किंवा गुन्हेकथेत जे शब्द येतात त्यांचा घरात उपयोग नाही. सिटकॉममध्ये भाडे थकते, दूध संपते, मित्र रुसतो, पाहुणे टळत नाहीत. ‘लेफ्टओव्हर्स’ म्हणजे काल उरलेले अन्न, ‘हँग ऑन’ म्हणजे जरा थांब, ‘नेव्हर माइंड’ म्हणजे जाऊ दे. हे सगळे तिथे रोजच्या रोज भेटते.

पण पडद्यावरची माणसे खरोखरच्या माणसांसारखी बोलतात का? लेखकाने लिहून दिलेले संवाद ते, मग त्यांवर किती विसंबावे? भाषाशास्त्रज्ञ पाउलो क्वाग्लिओ यांनी ‘फ्रेंड्स’मधील संवादांची अमेरिकी लोकांच्या खऱ्या संभाषणांशी तुलना केली. त्यांचे पुस्तक २००९ साली आले. अनौपचारिक बोलण्याच्या बहुतेक मुख्य खुणा या मालिकेत सापडतात, असे त्यांना आढळले. फरकही होते. मालिकेत भावना जास्त ठळक असतात आणि खऱ्या बोलण्यातला ‘म्हणजे ते हे... आपलं ते’ असा घोळ कमी असतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक सोयीचाच म्हणायचा.

आणखी एक मुद्दा एकाच मालिकेला चिकटून राहण्याचा. रोज नवा कार्यक्रम धरला तर रोज नवे शब्द समोर येतात आणि कुठलाच पुन्हा भेटत नाही. एकाच मालिकेच्या सलग भागांत शब्दांचा पसारा कमी असतो आणि तेच शब्द परत परत येतात, हे मायकल रॉजर्स आणि स्टुअर्ट वेब या संशोधकांनी मोजून दाखवले आहे. ‘फ्रेंड्स’ १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे चालली आणि तिचे २३६ भाग झाले. एवढ्या काळात तीच सहा माणसे किती वेळा तेच वाक्य बोलली असतील, याचा अंदाज करता येतो.

पाया किती हवा?

परतवाड्याच्या माणसाला टीव्हीवरून हिंदी आली, कारण निम्मे शब्द ओळखीचेच होते. पाणी, घर, हात, नाक, कान दोन्हीकडे तेच. लिपीही तीच. इंग्रजीत ही सवलत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा येतो की मालिका समजायला आधी किती शब्द यायला हवेत?

वेब आणि रॉजर्स यांनी २००९ साली ८८ ब्रिटिश व अमेरिकी कार्यक्रमांतील एकूण २,६४,३८४ शब्द तपासले. इंग्रजीतील सर्वांत नेहमीची ३,००० शब्दकुटुंबे माहीत असतील, तर या कार्यक्रमांतील सुमारे ९५ टक्के बोलणे ओळखीच्या शब्दांचे निघते. ९८ टक्क्यांपर्यंत जायचे तर सुमारे ७,००० शब्दकुटुंबे लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एका शब्दाची सगळी रूपे. ‘प्ले’, ‘प्लेड’, ‘प्लेइंग’, ‘प्लेयर’ हे एकच कुटुंब धरायचे.

९५ टक्के ऐकायला खूप वाटतात. पण वरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर एका कार्यक्रमात सरासरी ३,००० शब्द बोलले जातात. त्यांतले पाच टक्के अनोळखी म्हणजे दीडशे ठिकाणी अडखळणे. ज्याचा पाया याहून कच्चा आहे त्याला तर प्रत्येक वाक्यात खड्डा लागतो. तो दोन भाग बघून कंटाळतो आणि ‘आपल्याला इंग्रजी जमतच नाही’ असे ठरवून मोकळा होतो. त्याचा दोष इतकाच की त्याने चढ न बघता गाडी घातली. अशा माणसाने ‘पेपा पिग’सारख्या लहान मुलांच्या कार्टूनपासून सुरुवात करावी. भाग पाचेक मिनिटांचे, वाक्ये छोटी, प्रसंग घरातले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सोबत शाळेची जुनी इंग्रजीची पुस्तके पुन्हा एकदा वाचून काढली तर नेहमीच्या शब्दांचा पाया भरून निघतो.

मालिकेकडून मिळकत किती होते, याचाही अंदाज हवा. रॉजर्स आणि वेब यांनी जपानी विद्यार्थ्यांना एका अमेरिकी मालिकेचे दहा भाग दाखवले, प्रत्येक भाग ४२ मिनिटांचा. आधी निवडून ठेवलेल्या ६० शब्दकुटुंबांपैकी विद्यार्थ्यांना सरासरी सहाच्या आसपास नवी कळली. सात तासांत सहा शब्द! ‘आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अर्थात, ही केवळ निवडक शब्दांची मोजणी होती. कानाला लागलेले वळण, वाक्याची लय, आधी अर्धवट माहीत असलेल्या शब्दांची पक्की झालेली ओळख या गोष्टी त्यात धरलेल्या नाहीत.

मराठी माणसाच्या गाठीला एक छुपी शिदोरीही आहे. पेशंट, ऑपरेशन, टेन्शन, मार्केट, डिलिव्हरी असे शेकडो इंग्रजी शब्द वऱ्हाडीत रुळले आहेत. बेल्जियममधील डच भाषिक विद्यार्थ्यांवर एल्का पेटर्स आणि वेब यांनी केलेल्या २०१८च्या अभ्यासात असे दिसले की, मातृभाषेतल्या शब्दाशी साम्य असलेले इंग्रजी शब्द टीव्ही बघून लवकर उचलले जातात. मात्र शिदोरीत काही खडेही आहेत. आपल्याकडे ‘हॉटेल’मध्ये चहा-पोहे मिळतात, इंग्रजीतले हॉटेल मुक्कामाचे. शाळेचे ‘गॅदरिंग’ म्हणजे आपल्याला नाच-नाटकांचे स्नेहसंमेलन, इंग्रजीत चार माणसे जमली तरी गॅदरिंग. ओळखीचा शब्द अनोळखी जागी भेटला तर थांबून बघायची सवय लावून घ्यावी.

पडद्याखालची ओळ

मराठी माध्यमाच्या मुलाची मोठी अडचण अशी असते की जो शब्द त्याला कागदावर दिसताक्षणी कळतो, तोच कानाने ओळखता येत नाही. छापील वाक्यात शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. मेंदूला आवाजाचा अखंड पट्टा मिळतो आणि तो कुठे कापायचा हे त्याने स्वतः ठरवायचे असते. मातृभाषेत हे काम नकळत होते. परक्या भाषेत कापण्याची जागा दाखवणारे कोणी लागते. इंग्रजी संवादाला इंग्रजीच सबटायटल असेल तर ते हे काम करते. डोळा शब्द दाखवतो, कान त्याचा खरा उच्चार टिपतो.

होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांचा २००९चा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. नेदरलँड्समधल्या, बरी इंग्रजी येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी अपरिचित उच्चारांची इंग्रजी ऐकवली. त्यासाठी निवडलेल्या दोन नमुन्यांपैकी एक होता ‘कॅथ अँड किम’ हा ऑस्ट्रेलियन सिटकॉम. काहींना इंग्रजी सबटायटल, काहींना डच, काहींना काहीच नाही. जेमतेम २५ मिनिटांनंतर त्याच पात्रांची वाक्ये ऐकवून ती पुन्हा म्हणायला सांगितली. इंग्रजी सबटायटलवाले सर्वांत पुढे गेले. डच सबटायटल वाचणारे नवी वाक्ये ओळखण्यात सबटायटल नसलेल्यांच्याही मागे पडले. मातृभाषेची ओळ समोर असली की गोष्ट कळते, पण कान परकी भाषा ऐकायचे काम सोडून देतो.

स्पेनमधील तारागोना येथे ‘फ्रेंड्स’चाच वापर करून झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तोच कल दिसला. विद्यापीठातील ४० विद्यार्थ्यांनी सात आठवड्यांत १३ भाग पाहिले. इंग्रजी सबटायटलसह बघणाऱ्यांनी बोलीतले शब्दप्रयोग स्पॅनिश सबटायटलवाल्यांपेक्षा अधिक उचलले. मग मातृभाषेतले सबटायटल अगदीच निरुपयोगी का? तसेही नाही. नेदरलँड्समधील २४६ शाळकरी मुलांवर झालेल्या १९९९च्या अभ्यासात, डच सबटायटल असलेला पंधरा मिनिटांचा इंग्रजी माहितीपट पाहून मुलांना नवे इंग्रजी शब्द कळल्याचे आढळले. नवख्याला अर्थाचा आधार लागतोच. पाया कच्चा असताना काही दिवस हिंदी किंवा मराठी ओळ चालेल, पुढे ती सोडायला हवी.

या साऱ्याचा एक धागा थेट आपल्या घरातल्या टीव्हीशी जोडलेला आहे. १९९६ साली अमेरिकेत शिकत असलेले ब्रिज कोठारी मित्रांसोबत एक स्पॅनिश चित्रपट बघत होते. ते स्पॅनिश शिकत होते आणि सबटायटल मात्र इंग्रजीत होते. हेच स्पॅनिशमध्ये असते तर आपली भाषा सुधारली असती, असे त्यांच्या मनात आले. तिथून पुढचा विचार भारताचा होता. अक्षरओळख असूनही वाचता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांना हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी दाखवल्या तर? अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत असताना त्यांनी हा प्रयोग गुजरात दूरदर्शनवरील गाण्यांच्या कार्यक्रमात केला. पुढे तो ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’पर्यंत पोहोचला, आणि ‘झी टॉकीज’वरील मराठी चित्रपटांनाही मराठी ओळी मिळाल्या. गाणे पाठ असते, ओळ समोर सरकते, डोळा तिच्यामागे नकळत धावतो. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठात डोळ्यांच्या हालचाली टिपून झालेल्या अभ्यासांतही हेच दिसले होते: पडद्यावर ओळ आली की गरज असो वा नसो, माणूस ती वाचतोच.

कान तयार, तोंड बंद

इतके करूनही एक अडथळा उरतो. ‘सगळे समजते, पण बोलता येत नाही’ ही तक्रार अमरावतीपासून पुण्यापर्यंत ऐकू येते. कॅनडात अशाच एका कोड्याचा अभ्यास मेरिल स्वेन यांनी केला. तेथील इंग्रजी भाषिक मुले अनेक वर्षे सगळे विषय फ्रेंचमधून शिकत. त्यांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्यात-लिहिण्यात चुका राहत. ऐकताना प्रसंगावरून अर्थ लावता येतो, नेमका शब्द नसला तरी भागते. बोलताना तो शब्द स्वतःच शोधून काढावा लागतो. भाषा पक्की व्हायला हा शोध आवश्यक असतो, असे स्वेन यांनी १९८५ साली मांडले.

स्मरणशक्तीचे विज्ञानही याच बाजूने आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे भाग दुसऱ्यांदा बघण्यापेक्षा, त्यात काय बोलले होते ते आठवून म्हणणे अधिक लाभाचे.

म्हणायचे तर लाज आडवी येते. परक्या भाषेत बोलायच्या वेळी छाती धडधडणे, तळहात घामेजणे, येत असलेला शब्दही न आठवणे याला मानसशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे आणि १९८६पासून ते मोजण्याची प्रश्नावलीही वापरात आहे. घाबरलेला मेंदू आपली बरीच शक्ती ‘लोक काय म्हणतील’ यावर खर्च करतो, शब्द शोधायला ती उरत नाही. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या गौरी शिंदे यांच्या चित्रपटातील पुण्याच्या शशी गोडबोले या गृहिणीची अडचण इंग्रजीइतकीच घरच्यांच्या हसण्याचीही होती. मालिकेची इथे एक वेगळी मदत होते. खोलीत एकट्याने पात्राच्या मागोमाग वाक्य म्हटले, चुकले, पुन्हा म्हटले, तर कोणी हसत नाही. मागून ऐकू येणारे हसू आपल्यासाठी नसते.

झोप आणि लहान मुले

‘अजून एकच भाग’ म्हणत रात्रीचे दोन वाजवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. ब्रिटनमधील निकोलस द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००७ साली काही लोकांना बनावट शब्द शिकवले, कोणाला सकाळी, कोणाला संध्याकाळी. बारा तासांनी तपासले तेव्हा, मध्ये रात्रीची झोप झालेल्यांच्या मेंदूत नवे शब्द जुन्या शब्दांच्या जाळ्यात मिसळू लागले होते. दिवसभर जागे असलेल्यांत तसे दिसले नाही. झोप मोडून पाहिलेल्या चार भागांपेक्षा, एक भाग बघून वेळेवर झोपणे शब्दांसाठी चांगले.

तान्ह्या मुलांना मात्र हा मार्ग लागू नाही. इंग्रजी लवकर यावी म्हणून बाळासमोर इंग्रजी गाण्यांचा मोबाइल धरणे आता परतवाड्यातही नवे नाही. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली, तेव्हा बारा बैठकांत ती बाळे चिनीतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. तीच माणसे, तेच बोलणे टीव्हीवर दाखवले तेव्हा बाळांनी काहीही उचलले नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, हा भारतीय बालरोग अकादमीचा सल्लाही लक्षात ठेवावा. बाळाला भाषा माणसाकडूनच येते, मग ती वऱ्हाडी असो, कोरकू असो की इंग्रजी.

रोजचा अर्धा-पाऊण तास

ज्याने दहावीपर्यंतची इंग्रजी नीट वाचली आहे, त्याने एकच मालिका निवडावी आणि ती सोडू नये. भाग वीस-बावीस मिनिटांचा असावा. पहिल्यांदा इंग्रजी सबटायटल लावून, न थांबता, मजेसाठी बघावा. नंतर कानाला लागलेली चार-पाच वाक्ये वहीत उतरवावीत. सुटा शब्द लिहू नये, अख्खे वाक्य लिहावे आणि ते कोण कोणाला कधी म्हणाले तेही टिपावे. मग ती दृश्ये पुन्हा लावून पात्राच्या लयीत मोठ्याने म्हणावीत. दुसऱ्या दिवशी वही न उघडता ती आठवून बघावीत, आठवड्याने पुन्हा एकदा. आणि त्यातले एखादे तरी वाक्य मित्राशी बोलताना वापरावे. रोज चार वाक्ये धरली तरी वर्षाला चौदाशेहून अधिक होतात. त्यांतली निम्मी विसरली तरी उरलेली होस्टेलच्या पहिल्या महिन्याला पुरतात.

एक पथ्य पाळावे. सिटकॉममध्ये शिव्या, टोमणे आणि सलगीची भाषा पुष्कळ असते. मित्राला जे चालते ते मुलाखत घेणाऱ्याला चालत नाही, जसे ‘काय बे’ हे कट्ट्यावर ठीक, साहेबांच्या केबिनमध्ये नाही. वाक्य उचलताना ते कोणत्या नात्यात बोलले गेले, हे बघूनच उचलावे.

प्रगती मोजायला परीक्षेची गरज नाही. या मालिकांत विनोदानंतर मागून हशा येतो. सुरुवातीला आपण तो ऐकून हसतो किंवा तोपर्यंत ओळच वाचत असतो. ज्या दिवशी मागचा हशा येण्याआधी आपल्याला हसू फुटते, त्या दिवशी कान तयार झाला असे समजावे आणि पुढचा भाग सबटायटल बंद करून लावावा.